प्रात्यक्षिकाची वही आणि संशोधनदृष्टी : मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अध्यापनाची एक चिकित्सा

१. विषयाची मर्यादा

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीचे अध्यापन दोन ठिकाणी होते : व्याख्यानाच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत. वर्गात सिद्धान्तकल्पना, नमुनानिवड, नियंत्रण, विश्वसनीयता, यथार्थता, सार्थकतेच्या कसोट्या ही प्रकरणे क्रमाने शिकविली जातात व त्यांवर लेखी परीक्षा होते. प्रयोगशाळेत विद्यार्थी काही ठरलेले प्रयोग करतो. ते वहीत, म्हणजे बोलीत जिला आपण 'जर्नल' म्हणतो तीत, लिहितो. वहीवर शिक्षकाची सही घेतो आणि तोंडी परीक्षेस सामोरा जातो. संशोधनपद्धतीच्या अध्यापनाविषयी जी चर्चा होते ती बहुधा पहिल्या ठिकाणापुरती असते. अभ्यासपत्रिकेत कोणती प्रकरणे असावीत, संख्याशास्त्र किती असावे, संगणकाचा उपयोग केव्हा शिकवावा, असे प्रश्न तीत येतात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून पदव्युत्तर वर्गांच्या पहिल्याच सत्रात संशोधनपद्धतीस स्वतंत्र स्थान मिळाले, त्या वेळची चर्चाही याच स्वरूपाची होती. वही ही एक औपचारिक बाब आहे, असे शिक्षक व विद्यार्थी दोघेही धरून चालतात.

प्रस्तुत लेखात याच्या उलट प्रतिपादन करावयाचे आहे. विद्यार्थ्याची संशोधनदृष्टी वर्गात ऐकलेल्या व्याख्यांनी घडते त्याहून अधिक ती स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीने घडते. आणि ही वही आज जशी लिहिली जाते तशी ती त्याला संशोधनाच्या नेमके विरुद्ध असे काही शिकविते. वर्गात 'पुरावा पाहून निष्कर्ष काढावा' असे सांगितले जाते. वहीत निष्कर्ष पाहून पुरावा मांडला जातो. वही तशीच ठेवून अभ्यासपत्रिका कितीही सुधारली तरी त्या सुधारणेचा उपयोग होणार नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. वहीचे स्वरूप

प्रात्यक्षिकाची प्रथा मुळात थोर हेतूने सुरू झाली. वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली. टिचनर यांनी अमेरिकेत १९०१ ते १९०५ या काळात प्रात्यक्षिकांची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तीत विद्यार्थ्यांसाठी वेगळे खंड होते व शिक्षकांसाठी वेगळे. एका विद्यार्थ्याने प्रयोगकर्ता व्हावयाचे आणि दुसऱ्याने निरीक्षक, ही जोडीची पद्धत तेथे रुळली. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये, तर पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचे विभाग सुरू झाले. मानसशास्त्र हे केवळ चिंतनाचे शास्त्र नसून परीक्षणाचे शास्त्र आहे, हे या विभागांना सिद्ध करून दाखवावयाचे होते. प्रात्यक्षिकाची वही हे त्या आकांक्षेचे अपत्य होय.

आज या वहीचा साचा ठरून गेला आहे : प्रास्ताविक, समस्या, सिद्धान्तकल्पना, साहित्य, प्रयुक्ताची माहिती, सूचना, कार्यपद्धती, फलिताचा तक्ता, चर्चा व निष्कर्ष. ('प्रयुक्त' म्हणजे ज्या व्यक्तीवर प्रयोग केला जातो ती व्यक्ती, आपल्या प्रयोगशाळांत हाच शब्द रूढ आहे.) साच्यात काही गैर नाही. परंतु हे भाग कोणत्या क्रमाने लिहिले जातात हे ज्याने प्रयोगशाळेत काही वर्षे घालविली आहेत त्याला ठाऊक असते. प्रास्ताविक व चर्चा मागील वर्षाच्या वहीतून आधीच उतरलेली असते. निष्कर्षाचे वाक्यही तेथेच असते. मोकळी राहते ती फक्त तक्त्याची चौकट. प्रयोगाने फक्त ती भरावयाची असते, आणि तीही आधी लिहिलेल्या चर्चेशी विसंगत होणार नाही अशा बेताने.

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःचाच दाखला देणे भाग आहे. विद्यार्थिदशेत त्याने झायगार्निक-परिणामाचा प्रयोग केला होता. प्रयुक्ताला वीस छोटी कामे द्यावयाची; दहा पूर्ण होऊ द्यावयाची व दहा मध्येच थांबवावयाची; शेवटी कोणकोणती कामे आठवतात ते विचारावयाचे. अपुरी कामे अधिक आठवतात असे सिद्धान्तकल्पनेत लिहिलेले होते. प्रयुक्त म्हणून बसलेल्या वर्गमित्राने पूर्ण झालेली सहा कामे सांगितली आणि अपुरी चार. प्रयोग पुन्हा करावयास वेळ नव्हता. चर्चा तर शाईने लिहून झाली होती. तेव्हा लेखकाने एक सोपा मार्ग काढला : तक्त्यातील दोन रकान्यांची शीर्षके परस्परांत बदलली. एकही आकडा खोटा लिहिला नाही, अशी मनाची समजूतही घातली. वहीवर सही झाली. पुढे परीक्षक म्हणून अनेक वर्षे वह्या पाहण्याचा योग आला, तेव्हा त्या प्रयोगात अपुरी कामे कमी आठवली असे नमूद केलेली वही हाती आल्याचे आठवत नाही. रकान्यांची शीर्षके बदलणारा आपण एकटाच नव्हतो, हे त्या वेळी ध्यानात आले.

३. वीस वह्यांचे गणित

ही गोष्ट केवळ प्रामाणिकपणाची आहे असे समजून ती नीतिपाठावर सोपविण्याचा मोह होतो. वस्तुतः ती पद्धतिशास्त्राची आहे, आणि ती दाखविण्यास साधे गणित पुरेसे आहे.

झायगार्निक यांचा मूळ अभ्यास बर्लिन येथे कुर्ट लेव्हिन यांच्या मार्गदर्शनाखाली झाला व १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पहिल्या प्रयोगमालेत ३२ प्रयुक्त होते. त्यांपैकी २६ जणांना अपुरी कामे अधिक आठवली. तिघांना दोन्ही सारखीच आठवली. आणि तिघांना पूर्ण झालेली कामे अधिक आठवली. म्हणजे ज्या अभ्यासावरून हा परिणाम शास्त्रात आला त्या अभ्यासातही ३२ पैकी सहा व्यक्ती सिद्धान्तकल्पनेप्रमाणे वागल्या नव्हत्या.

आता हेच प्रमाण सर्वस्वी खरे आहे असे मानू. वर्गात वीस विद्यार्थी आहेत व प्रत्येकाने एकेक प्रयुक्त घेतला आहे. मग सुमारे सोळा वह्यांत परिणाम दिसावा आणि चार वह्यांत दिसू नये, अशी अपेक्षा ठेवली पाहिजे. वीसच्या वीस वह्यांत तो दिसण्याची संभाव्यता २६/३२ या अपूर्णांकाचा विसावा घात, म्हणजे शेकडा दोनाहूनही कमी येते. सलग दोन वर्षे असे घडण्याची संभाव्यता दहा हजारांत दोन-तीन इतकीच उरते. तेव्हा परिणाम खरा असला तरीदेखील सर्व वह्या 'बरोबर' असणे हे वह्या बरोबर नसल्याचे चिन्ह होय. ज्या शिक्षकाने सकाळी वर्गात संभाव्यतेचे नियम शिकविले तोच दुपारी वीस एकसारख्या वह्यांवर निश्चिंतपणे सह्या करतो. आपल्या विषयाचे ज्ञान आपण स्वतःच्या टेबलावरील पुराव्यास लावीत नाही, हा यातील खरा दोष आहे.

प्रत्येक वही जाणूनबुजून बदललेली असते असे मात्र नव्हे. रोझेन्थाल व फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे, कारण तो प्रात्यक्षिकाच्या वर्गातच घडला. बारा विद्यार्थ्यांस प्रत्येकी पाच उंदीर देण्यात आले. काहींना सांगितले की तुमचे उंदीर चक्रव्यूह शिकण्यात हुशार वाणाचे आहेत. इतरांना सांगितले की तुमचे मंद वाणाचे आहेत. वास्तविक सर्व उंदीर एकाच प्रकारचे होते. तरीही 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. अपेक्षा आधीच ठाऊक असलेला निरीक्षक तिला अनुकूल अशी नोंद करतो, यासाठी त्याने लबाड असणे आवश्यक नसते. आपल्या प्रयोगशाळेत तर अपेक्षा नुसती ठाऊक नसते, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते आणि तिच्यावर गुण अवलंबून असतात.

४. खरे व संशयास्पद यांची सरमिसळ

या प्रथेमुळे ज्ञानाची जी हानी होते ती आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. झायगार्निकच्या शेजारीच बहुतेक वह्यांत स्ट्रूपचा प्रयोग असतो. रंगांची नावे त्या रंगांहून निराळ्या शाईत छापलेली असतात. शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा. त्यास अधिक वेळ लागतो. १९३५ मध्ये वर्णिलेला हा परिणाम इतका बळकट आहे की एकेका प्रयुक्तावरही तो बहुधा हटकून दिसतो. ज्याला शंका असेल त्याने पाच मिनिटांत घरी पडताळून पाहावे.

झायगार्निक-परिणामाची कथा निराळी आहे. पुढील दशकांतील पुनःप्रयोगांत तो कधी दिसला, कधी दिसला नाही, तर कधी उलटाच दिसला. या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित पृथक्करण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात अपुरी कामे अधिक आठवतात या विधानास आधार मिळाला नाही. मात्र अपुरे राहिलेले काम संधी मिळताच पुन्हा हाती घेण्याची प्रवृत्ती, जी लेव्हिन यांच्याच वर्तुळातील ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये वर्णिली होती, तिला आधार मिळाला. म्हणजे जे पाठ्यपुस्तकांत गाजले ते डळमळीत निघाले आणि जे फारसे गाजले नाही ते टिकले.

एका परिणामास भक्कम आधार आहे व दुसऱ्यास नाही, हा भेद ओळखता येणे हेच संशोधनपद्धतीच्या शिक्षणाचे फलित असावयास हवे. परंतु आपल्या वहीत दोन्ही प्रयोग सारखेच यशस्वी होतात. ज्या साधनाने खरे व संशयास्पद ही दोन्ही सारखीच 'सिद्ध' होतात ते साधन कशाचेच मापन करीत नाही. प्रत्येक पदार्थाचे वजन एक किलो दाखविणारा तराजू बाजारात कोणी ठेवून घेणार नाही. आपण तो प्रयोगशाळेत ठेवला आहे.

आणि यातील विषाद असा : महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत इतक्या वर्षांत झायगार्निकचा प्रयोग किती वेळा झाला असेल, याची मोजदाद नाही. त्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या असत्या, तर हा परिणाम डळमळीत आहे हे सांगण्यास आपणांस परदेशातील पृथक्करणाची वाट पाहावी लागली नसती. पुरावा आपल्या कपाटांत वर्षानुवर्षे येत होता; आपणच तो दुरुस्त करून ठेवीत होतो.

५. नियतकालिकांचीही वहीच

विद्यार्थ्याची वही क्षुल्लक आहे, खरे संशोधन नियतकालिकांत होते, असे कोणी म्हणेल. परंतु नियतकालिकांकडे वळले की तेथेही तीच वही मोठ्या आकारात दिसते. स्टर्लिंग यांनी १९५९ मध्ये मानसशास्त्राच्या चार नियतकालिकांची पाहणी प्रसिद्ध केली. सार्थकता-कसोटी वापरणारे २९४ लेख त्यांना आढळले. त्यांपैकी २८६ लेखांत शून्य-सिद्धान्तकल्पना फेटाळण्यात आली होती. हे प्रमाण ९७ टक्के भरते. पुढे कोहेन यांनी १९६२ मध्ये दाखविले की १९६० सालच्या एका प्रमुख नियतकालिकातील अभ्यासांचे सामर्थ्य, मध्यम आकाराचा परिणाम धरला असता, सरासरीने निम्म्याहून थोडे कमीच होते. म्हणजे परिणाम खरोखर असता तरी तो दर दोन अभ्यासांपैकी एकातच हाती लागावयास हवा होता. निम्म्या सामर्थ्याच्या प्रयोगांतून ९७ टक्के यश कसे येते? ज्या गणिताने वीस वह्या संशयास्पद ठरल्या त्याच गणिताने ही नियतकालिकेही संशयास्पद ठरतात.

हा संशय अनेक वर्षे तसाच पडून राहिला. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन व सिमनसन यांनी दाखविले की संशोधकाने चार साध्या सवलती एकाच वेळी घेतल्या तर पाच टक्क्यांची चूक ६१ टक्क्यांवर जाते. दोन मापनांपैकी सोयीचे निवडणे, फलित न मिळाल्यास आणखी प्रयुक्त घेणे, लिंगभेदाचा घटक हिशेबात घ्यावयाचा की नाही हे मागाहून ठरविणे आणि तीनांपैकी एक गट वगळणे, या त्या सवलती होत. यांतील एकही कृती खोटे आकडे लिहिण्याची नाही. रकान्यांची शीर्षके बदलणाऱ्या विद्यार्थ्याचेही असेच म्हणणे होते. त्यानंतर २०१५ मध्ये एका मोठ्या सहकारी प्रकल्पाने मानसशास्त्रातील १०० अभ्यासांचे पुनःप्रयोग प्रसिद्ध केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक फलित होते. पुनःप्रयोगांत ते ३६ टक्क्यांत मिळाले, आणि परिणामांचे आकारमानही सरासरीने जवळजवळ निम्मे भरले. स्टर्लिंग यांच्या पाहणीतील ९७ हा आकडा छप्पन्न वर्षांनी पुन्हा भेटावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

पुनःप्रयोगांचे अपयश म्हणजे मूळ निष्कर्ष खोटाच, असे अर्थातच नव्हे. परिस्थिती, भाषा, काळ व नमुना यांतील भेदही त्यास कारण असू शकतात. परंतु विद्यार्थिदशेपासून 'प्रयोग यशस्वी झाला' म्हणजे 'अपेक्षित तेच आले' असे समीकरण ज्यांच्या मनात पक्के केले गेले, तेच पुढे संशोधक, परीक्षक व संपादक झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

६. पाठ्यपुस्तकाचा वाटा

वही ज्या वृत्तीने लिहिली जाते तिला पाठ्यपुस्तकही हातभार लावते. फिशर यांनी १९३५ मध्ये प्रायोगिक आखणीवरील आपल्या ग्रंथात चहाच्या पेल्यांचे प्रसिद्ध उदाहरण घेतले. पेल्यात आधी दूध ओतले की आधी चहा, हे चवीवरून सांगता येते असा एका बाईंचा दावा होता. आठ पेले, चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. तेव्हा निव्वळ अंदाजाने सर्व पेले अचूक ओळखले जाण्याची संभाव्यता ७० त एक. (दूध घालून उकळलेल्या आपल्या चहावर हा प्रयोग करता येणार नाही, परंतु तर्क समजण्यास त्याची अडचण नाही.) यात सांगितली जाते ती एवढीच गोष्ट : दावा निराधार असता तर असे फलित किती विरळा आले असते. दावा खरा असण्याची संभाव्यता किती, हे यातून निघत नाही. शिवाय एखादा परिणाम प्रयोगाने सिद्ध झाला असे केव्हा म्हणावे, याचे फिशर यांनी दिलेले उत्तर एका सार्थक फलितावर थांबत नाही. ते फलित क्वचितच चुकेल असा प्रयोग करता आला पाहिजे, अशी त्यांची अट होती.

नेमन व पिअर्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेली उपपत्ती याहून भिन्न आहे. तीत दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्तकल्पना असतात, दोन प्रकारच्या चुका असतात आणि त्यांचे प्रमाण प्रयोगापूर्वीच ठरवावे लागते. फिशर यांचा या उपपत्तीशी तीव्र मतभेद होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र या दोन्हींचे मिश्रण कर्त्यांची नावे न देता, एकच निर्विवाद पद्धत म्हणून येते. गिगरेन्झर यांनी तिला शून्य-सिद्धान्तकल्पनेचे कर्मकांड म्हटले आहे, ते योग्यच आहे. संकल्प ठरलेला, मंत्र ठरलेला, दक्षिणाही ठरलेली. देव कोणता हे विचारावयाचे नाही.

कर्मकांडात यजमान अर्थ जाणत नसला तरी पुरोहित जाणतो, असे मानण्याची रीत आहे. येथे तेही खरे नाही. हालर व क्राउस यांनी २००२ मध्ये जर्मनीतील सहा विद्यापीठांतील पाहणी प्रसिद्ध केली. सार्थकता-कसोटीच्या एका फलितावर सहा विधाने दिली होती आणि सहाही चुकीची होती. किमान एक विधान बरोबर मानणाऱ्यांत सर्व विद्यार्थी होते, संख्याशास्त्र न शिकविणाऱ्या प्राध्यापक-संशोधकांपैकी सुमारे ९० टक्के होते आणि संशोधनपद्धती शिकविणाऱ्या शिक्षकांपैकी ८० टक्के होते. ही पाहणी आपल्या शिक्षकवर्गात केली तर काय आढळेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. प्रस्तुत लेखकाने ती सहा विधाने प्रथम वाचली तेव्हा तोही एका विधानावर अडखळला होता.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की नवशिक्याने आधी ज्ञात गोष्टीच पडताळून पाहावयाच्या असतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थीही ठाऊक असलेल्या द्रावणाचेच अनुमापन करतो व उत्तर चुकल्यास पुन्हा करतो. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यात दोन शास्त्रांतील एक मूलभूत भेद सुटतो. तेथे उत्तर चुकले तर हात चुकला असे बहुधा धरता येते, कारण एका द्रावणाचा नमुना दुसऱ्यासारखाच असतो. येथे एक प्रयुक्त दुसऱ्यासारखा नसणे हाच अभ्यासाचा विषय आहे. व्यक्तिभेदाला 'चूक' समजून खोडणारा विद्यार्थी मानसशास्त्रच खोडीत असतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. विद्यार्थी पुष्कळ, शिक्षक थोडे, रिक्त जागा भरलेल्या नाहीत, सत्र लहान. प्रत्येक वहीची चिकित्सा कोण करणार? अडचण खरी आहे. परंतु पुढे सुचविलेल्या मार्गात वह्या वाढत नाहीत, उलट प्रयोग कमी होतात.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारार्ह आहे. आज पूर्वनोंदणी, परिणामाचे आकारमान, विश्वास-अंतराल, खुली माहिती यांचा पुरस्कार होतो. उद्या यांचेही कर्मकांड होईल. विद्यार्थी पूर्वनोंदणीचा नमुनाही मागील वर्षाच्या वहीतून उतरील. हे भय निराधार नाही. ज्या वर्गात अपेक्षित उत्तरास गुण मिळतात त्या वर्गात कोणतेही नवे साधन अपेक्षित उत्तराच्याच सेवेस लागणार. म्हणून सुधारणेचा आरंभ साधनापासून न करता गुणांच्या वाटणीपासून केला पाहिजे.

८. काय करता येईल

सर्व वर्गाची मिळून एकच प्रयोगशाळा मानावी आणि सत्रात दहांऐवजी तीन प्रयोग करावे. त्यांत एक स्ट्रूपसारखा बळकट असावा, एक झायगार्निकसारखा वादग्रस्त, आणि एक असा असावा की ज्याचे उत्तर शिक्षकासही ठाऊक नाही. वीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी तीन प्रयुक्त घेतले तर साठ व्यक्तींची माहिती जमते. एका वहीत जे दिसत नाही ते साठांच्या तक्त्यात दिसू लागते. कोणते काम थांबवावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आठवलेल्या कामांची मोजणी, कोणते काम थांबविले होते हे ज्याला ठाऊक नाही अशा दुसऱ्या विद्यार्थ्याने करावी. कोणती मोजमापे घ्यावयाची, कोणाची माहिती कोणत्या कारणाने वगळावयाची व कोणती कसोटी लावावयाची, हे प्रयोगापूर्वी एका पानावर लिहून, तारखेसह सह्या करून, लिफाफ्यात बंद करावे. चर्चेचा भाग लिफाफा उघडल्यानंतरच लिहावा.

गुण द्यावयाचे ते आखणीस, नोंदींच्या अखंडतेस व चर्चेतील विवेकास. फलिताच्या दिशेस एकही गुण नसावा. तोंडी परीक्षेत 'झायगार्निक-परिणाम म्हणजे काय?' याऐवजी 'तुमच्या तीन प्रयुक्तांपैकी कोणी अपेक्षेविरुद्ध वागले काय? त्यावरून तुम्ही काय म्हणाल, आणि काय म्हणणार नाही?' असे विचारावे. ज्याची वही बाकीच्यांहून वेगळी आहे त्याला प्रथम बोलू द्यावे. वर्षावर्षाचे एकत्रित तक्ते विभागाने जपून ठेवावे. दहा वर्षांत ते कोणत्याही लघुप्रबंधाहून मोलाचे होतील.

लघुप्रबंधाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण वहीची सवय तेथे पुढे चालू राहते. उपलब्ध परदेशी प्रश्नावली घ्यावयाची, तिचे घाईने मराठीकरण करावयाचे, मुले व मुली किंवा शहरी व ग्रामीण असे दोन गट करावयाचे आणि कसोटी लावावयाची, हा परिपाठ झाला आहे. भाषांतरित विधान मराठी वाचकास तोच अर्थ देते काय, हा प्रश्न राहून जातो. वास्तविक याबाबत आपल्याजवळच उत्तम धडा आहे. वि. वि. कामत यांनी धारवाड येथे बिने-चाचणीची कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी पुनर्रचना केली, तिचे वृत्त १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ निघाला. परदेशी प्रश्न आपल्या मुलांना लागू पडतात की नाही, कोणत्या वयास कोणता प्रश्न योग्य, हे त्यांनी प्रत्यक्ष मुले तपासून ठरविले. संशोधनपद्धतीच्या वर्गात या कार्याचा अभ्यास पद्धतीचा नमुना म्हणून व्हावयास हवा. तद्वतच, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीची प्रमाणके आजच्या मुलांस लावावी काय, हाही प्रश्न त्याच वर्गात विचारला गेला पाहिजे. आदर आणि चिकित्सा यांत विरोध नाही.

९. समारोप

बिने-कामत चाचणीचा उल्लेख आणखी एका कारणाने केला. ती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते आणि वापरणारे हात बहुधा आपल्याच विभागांतून बाहेर पडलेले असतात. मानसशास्त्राचे बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी संशोधक होत नाहीत. ते शाळांत, रुग्णालयांत, समुपदेशन केंद्रांत जातात. म्हणून त्यांना संशोधनपद्धती कशाला, असे कोणी विचारतात. उत्तर असे की त्यांच्यासमोर एके दिवशी एक मूल बसणार आहे. मुलाविषयी शिक्षकांचे एक मत आहे, डॉक्टरांनी एक शक्यता लिहून पाठविली आहे, पालकांना एका विशिष्ट आकड्याची आशा किंवा धास्ती आहे. म्हणजे अपेक्षित निष्कर्ष पहिल्या पानावर लिहून झाला आहे. चाचणीत आलेला आकडा त्याहून निराळा आहे, आणि त्या मुलास मिळणारे साहाय्य दोन-चार गुणांवर अवलंबून राहू शकते.

त्या क्षणी आपला विद्यार्थी काय करील, हे त्याला पी-मूल्याची व्याख्या पाठ आहे की नाही यावरून ठरणार नाही. तक्ता व चर्चा जुळेनात तेव्हा काय करावे हे त्याला प्रयोगशाळेत कोणी शिकविले, यावरून ते ठरेल. रकान्यांची शीर्षके बदलावयाची, की जे आले ते लिहून 'असे का आले' हे विचारावयाचे, याचा सराव आपण त्याला दोन वर्षे देत असतो. कोणता सराव द्यावयाचा एवढेच आपल्या हाती आहे. येत्या सत्रात वह्यांवर सही करण्यापूर्वी त्या एका ओळीत मांडाव्या आणि त्या सर्व सारख्या दिसतात काय ते पाहावे, एवढी विनंती करून हे विवेचन थांबवितो.